कानबाईच्या चौरंगाचा पाय

मी पुण्यात वाळवी मारण्याचा व्यवसाय करते आणि माझी नणंद विद्या वाळवी पाळते. घरच्या कार्यात आम्हा दोघींना शेजारीशेजारी बसवून लोक मजा बघतात. आषाढात आम्ही दोघी माझ्या गाडीतून खानदेशात जाऊन आलो. ओळखीच्यांनी विचारलं, "देवदर्शनाला का?" मी म्हटलं, "नाही, वाळवी बघायला." त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. पण या प्रवासात देवही भेटला, तेव्हा सांगायला हवं.

जळगाव

आधी आम्ही गेलो कशाला ते सांगते. लाकूड खाऊन जगणं म्हणजे जन्मभर नुसत्या कोरड्या भातावर जगण्यासारखं आहे. पोट भरतं, अंग भरत नाही. अंग भरायला नत्र लागतो आणि लाकडात तो जवळजवळ नसतो. हवेत तो भरपूर असतो, पण हवेतला नत्र तुम्हाआम्हाला पचत नाही, वाळवीलाही नाही. मात्र लाकूड खाणाऱ्या वाळवीच्या आतड्यात काही जिवाणू राहतात, ते हा नत्र हवेतून पकडून तिला देतात. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी जे काम मातीत करतात, ते काम हे पोटात करतात. मी पंचवीस वर्षं वाळवी मारते आहे, पण तिच्या पोटात खताचा कारखाना आहे हे मला विद्याने सांगितलं.

विद्या शेहेचाळीस वर्षांची आहे. सासूसासऱ्यांची आजारपणं, मुलाची बारावी, यातून वेळ काढून तिने पीएच.डी. सुरू केली. तिचे मार्गदर्शक दिवाळीला निवृत्त होणार आहेत. शेवटचं एक प्रकरण अडलं होतं. पुण्यात बाटल्यांमध्ये वाढवलेल्या वाळवीचे जिवाणू कामच करेनात. तिला रानातली नाहीतर घरातली, ताजी, लाकूड खाणारी वाळवी पाहिजे होती. ती तिथल्या तिथे बाटलीत घालून चाचणी घ्यायची आणि बाटलीतली हवा यंत्रावर तपासायची. यंत्र जळगावला, तिची मैत्रीण कल्पना हिच्या प्रयोगशाळेत. तेही कल्पनाने कसंबसं एका दिवसापुरतं मोकळं करून ठेवलेलं. तो दिवस हुकला तर प्रकरण हुकलं.

हे यंत्र जळगावलाच का, याचंही कारण आहे. चाचणीत वाळवीच्या बाटलीत ॲसिटिलीन वायू सोडतात. नत्र पकडणारे जिवाणू फसतात आणि नत्र समजून त्यालाच पकडतात, आणि त्याचा इथिलीन होतो. इथिलीन म्हणजे केळी पिकवणारा वायू. कल्पना पिकवणीच्या खोल्यांमधला इथिलीन मोजते, आम्हाला वाळवीच्या पोटातला मोजायचा होता.

ॲसिटिलीन बनवायला कार्बाइड लागतं. बाजारात एका दुकानात मी सरळ विचारलं. दुकानदाराने आम्हा दोघींना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ताई, कार्बाइडनं फळं पिकवायला बंदी आहे."

"फळं नाही पिकवायची," विद्या म्हणाली. "वाळवीसाठी पाहिजे."

"मारायला?"

"नाही हो. जिवंत ठेवायचीय."

त्याने उघडलेला ड्रॉवर बंद केला. "तुम्ही दुसरीकडे बघा."

संध्याकाळी कल्पनाकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, शेवभाजी आणि वर कच्च्या तेलाची धार. पुण्यात भाजीत चिमूटभर गूळ घालून तिखटाची माफी मागायची पद्धत आहे. इथे माफी मागत नाहीत. विद्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कल्पना म्हणाली, "परवा यंत्रावर काही दिसलं नाही तर रडायचंच आहे, आज कशाला सुरुवात करतेस?"

एरंडोल, धुळे

सकाळी निघताना मी केळ्यांची मोठी फणी घेतली. एरंडोलच्या अलीकडे मागच्या सीटवरून वास यायला लागला आणि विद्या ओरडली, "वहिनी, गाडी थांबवा!" केळी पिकताना स्वतःच इथिलीन सोडतात. ज्या वायूचा शोध घ्यायला आम्ही निघालो होतो, तो मी मागच्या सीटवर भरून घेतला होता. बाटल्या बंद होत्या, पण तिला धोका नको होता. मी रस्त्याकडेला उभी राहून मावतील तितकी केळी खाल्ली, उरलेली बांधावरच्या शेळ्यांना दिली.

तिथेच शेतात माणसाच्या उंचीचं वारूळ होतं. हळदकुंकू लावलेलं, पायथ्याशी नारळाची शेंडी. मला वारूळ दिसलं की बिल दिसतं. इथे त्याला नागपंचमीला दूध दाखवतात. निंदणी करणाऱ्या एका बाईने लांबून दरडावलं, "हात लावू नका हं!" विद्या म्हणाली, "लावणारच नाही मावशी. ही आमच्या कामाची नाही." वारुळातली वाळवी शेतकरी असते. ती जमिनीखाली बुरशीचे मळे लावते आणि त्यावर जगते. तिच्या पोटातल्या जिवाणूंना हवेतून नत्र ओढायची फारशी गरज पडत नाही. आम्हाला पाहिजे होती निव्वळ लाकडावर जगणारी, गरीब वाळवी. ही गोष्ट लक्षात ठेवा.

धुळ्यात एका वेल्डिंगवाल्याने कार्बाइडचे चार खडे घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दिले. "काय जोडायचं शे ताई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हिचं शेवटचं प्रकरण." तो गंभीरपणे म्हणाला, "मंग कोरडं ठेवजा. पानी लागनं का भडकस."

साक्रीच्या पुढे

साक्री सोडली की सपाटी संपते. मक्याची आणि बाजरीची कोवळी शेतं, मध्येच सागाचे उघडे उतार, आणि रस्ता वळला की डोंगर एकदम जवळ येतो. आम्हाला जायचं होतं ते गाव त्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे नाना आणि अक्का राहतात. विद्याच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचे हे मामामामी. त्यांचं घर मातीच्या भिंतींचं, सागाच्या खांबांचं. त्या खांबांना वाळवी लागल्याचं भाच्याने सुट्टीत पाहिलं होतं, त्याचा फोटो विद्याला दाखवला होता. विद्याने फोटोवरूनच ओळखलं होतं की हीच ती. मग भाच्याने फोन करून कळवलं, "पुण्याहून दोन बाया येताहेत, आपल्या घरची उधई बघायला." इकडे वाळवीला उधई म्हणतात.

नाना ओट्यावर वाटच पाहत होते. उंच, वाळलेले, डोक्यावर टोपी. "या या. बठ्ठं तयार शे." म्हणजे सगळं तयार.

पायरी चढतानाच मला वास आला. गॅरेजमध्ये येतो तो. आत गेले तर प्रत्येक खांब, चौकट, तुळई काळीभोर आणि चकचकीत. गाडीचं जळकं ऑइल. खालपासून वरपर्यंत, दोन हात दिलेलं.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू. चेहऱ्यावर सण आटोपल्याचं समाधान. "तीन दिन लागनात," त्या म्हणाल्या. "आते एक बी दिसाव नही."

विद्या एकेका खांबावर बोट फिरवून बघू लागली. मीच विचारलं, "अक्का, आम्ही उधई बघायलाच येत होतो ना?"

"हा ना! म्हनीसन तं," अक्का म्हणाल्या. "पाव्हनी येनार, अन् घरमा उधई दिसी? लोके काय म्हनतीन?"

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. माझ्याकडे कुणी माझ्या स्वयंपाकघरातली झुरळं बघायला येणार असतं, तर मीही हेच केलं असतं. विद्या ओट्याच्या पायरीवर जाऊन बसली. "वहिनी, संपलं."

"चहा पी आधी," मी म्हटलं.

चहा होईतो बातमी गल्लीभर झाली. पाव्हण्यांना उधई पाहिजे आणि अक्काने मारून टाकली, म्हणून नानांची भरपूर थट्टा झाली. समोरचे एक आबा ओरडून म्हणाले, "नाना, पुन्यावाल्या उधईनी भाजी करतस का रे?" पण ते स्वतःच शेतात जाऊन पाटीभर वाळवी खणून घेऊन आले. विद्याने ढेकूळ फोडलं. आत पांढऱ्या मोहरीसारखे बुरशीचे दाणे. पुन्हा शेतकरीच. तिने आबांचे आभार मानले आणि चष्मा काढून पुसत बसली.

मला स्वस्थ बसवत नाही. मी घरातून एक फेरी मारली. वाळवी माणसासारखी उघड्यावर चालत नाही, मातीचा बोगदा करून चालते. मागच्या भिंतीवर असा एक बोगदा होता. ऑइलचा हात खांबापाशी संपला होता, बोगदा मात्र तिथून आडवा वळून देवघराच्या कोपऱ्याकडे गेला होता. मी नखाने त्याचा एक तुकडा पाडला आणि चहा प्यायला गेले. परत येऊन पाहिलं तर ओल्या मातीने भोक बुजवलेलं. आत कामगार जिवंत होते आणि चहाची सुट्टी न घेता काम करत होते.

बोगद्याच्या मागावर देवघरात शिरले तर मधे अक्का.

"तठे काही नही," त्या म्हणाल्या.

"कोपऱ्यात काय ठेवलंय, अक्का?"

"काही नही म्हनस ना व माय."

कोपऱ्यात भिंतीला टेकवून, लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. मी त्यांच्याकडे नुसती पाहत राहिले. धंद्यात हे शिकले आहे. घरात वाळवी कुठे आहे हे घरमालकाला नेहमी माहीत असतं, त्याला फक्त सांगायला वेळ द्यावा लागतो.

अक्कांनी दार लोटलं आणि खाली बसल्या. कापडात कानबाईचा चौरंग होता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साडी लेववून देवी करतात. या कुळाची कानबाई नानांच्या घरी. सगळे भाऊबंद तिथे जमतात, घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ गहू दळून रोट करतात, आणि ते रोट कुळाबाहेर कुणाला देत नाहीत. चौरंग सासूने अक्कांच्या हाती दिलेला. वर्षभर तो कापडात राहतो. त्या आषाढात कापड सोडून बघितलं, तर एक पाय पोखरलेला.

"मग यालाही ऑइल का नाही लावलं?"

अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लहान झाले. "देवीना चौरंगले गाडीनं ऑइल लावतस का?"

फेकता येत नाही, ऑइल लावता येत नाही, गावातल्या सुताराला दाखवता येत नाही, कारण तो पुतण्याचा मित्र. "मानसे म्हनतीन, अक्काले चौरंग सांभायता उना नही. धाकली जाऊ वाटच पाही राह्यनी. कानबाई तिना घर जाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू त्यासले मारस ना? मार. कोनले सांगू नको."

मी दाराबाहेर डोकं काढून विद्याला हाक मारली.

ती आली, गुडघ्यांवर बसली, चिमट्याने पायातून एक शिपाई वाळवी काढली आणि डोकं हलकेच दाबलं. कपाळातून दुधासारखा पांढरा थेंब आला. ही खूण फक्त लाकूड खाणाऱ्या त्या जातीच्या शिपायाची. विद्याने तो थेंब बघितला आणि देवघरात बसून मोठ्याने हसली. अक्का घाबरल्या. "काय व्हयनं व तिले?"

"तिला तिची वाळवी मिळाली," मी म्हटलं.

आता दोन गरजा होत्या. विद्याला वाळवी जिवंत पाहिजे, अक्कांना चौरंग निर्दोष. दोन्ही एकाच पायात. चौरंगाचे पाय खाचेत बसवलेले होते. मी पेचकस घालून, हलवून हलवून पोखरलेला पाय आख्खा काढला. वरची फळी आणि बाकीचे तीन पाय ठोकून पाहिले, भरीव होते. अक्कांनी तीन पायांचा चौरंग जवळ ओढला.

"आते मी त्यासले काय सांगू?"

"सांगा, पुण्याची पाहुणी बघत होती, तिच्या हातून पाय मोडला."

"तू नाव आंगावर घेशी?"

"मी उद्या जाणार आहे. मला कुठे इथे भाऊबंद आहेत?"

विद्याने पायातल्या वाळवीचा एक भाग बाटल्यांमध्ये घातला आणि त्या ओट्याच्या सावलीत मांडल्या. एका बाटलीत नुसता लाकडाचा भुसा, एकीत उकळत्या पाण्यातून काढलेली मेलेली वाळवी, म्हणजे फरक कळावा. कार्बाइडवर पाणी पडलं तसा लसणासारखा वास सुटला, आणि निघालेला वायू विद्याने सुईने बाटल्यांत सोडला. नाना येऊन उकिडवे बसले. त्यांना मी सगळं समजावलं. हवेतून नत्र, पोटातले जिवाणू.

"म्हन्जे युरियाच ना?"

"तसंच म्हणा."

"मंग आम्ही युरियानी लाइनमा कसाले उभं राहतस? वावरमा उधई सोडी देऊत!"

"ती तुमचं पीकही खाईल, नाना," विद्या म्हणाली. "ती तिच्यापुरतंच घेते. ती मेली की मग मातीला मिळतं."

नानांनी मान हलवली. "मानूसनं बी तसंच शे."

बाटल्या मुरेपर्यंत मी आणि नाना साक्रीला गेलो. तिथे बाजारात एक सुतार सापडला. उरलेल्या तीन पायांसारखा चौथा पाय त्याने दुपारी कातून दिला. मी दुकानातून टाकणखार, म्हणजे बोरॅक्स घेतला, पुन्हा वाळवी धरू नये म्हणून पाण्यात कालवून नव्याजुन्या सगळ्या लाकडाला लावायला. त्याला वास नसतो, डाग नसतो, देवीला चालतो. अक्कांना मी आधी विचारलं होतं. परत येताना नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमना हात भारी शे हं, ताई. सागना पाय मोडी गया."

"हो ना. लक्षच नव्हतं."

थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "गये साल बी तो पाय हलस व्हता." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना किती माहीत होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी अक्कांना सांगितलं नव्हतं, एवढं मला कळलं.

संध्याकाळी नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी. विद्याने प्रत्येक बाटलीतली हवा सुईने काढून लहान बंद कुप्यांमध्ये भरली. पोखरलेला पाय ओल्या फडक्यात गुंडाळून ती आपल्या उशाशी घेऊन झोपली. सकाळी मी टाकणखार लावून नवा पाय खाचेत बसवला, देवघरातला बोगदा खरवडला, भिंतीचं भोक बुजवलं, आणि अक्कांना सांगितलं की चौरंग यापुढे भिंतीला टेकवायचा नाही, चार दगडी चकत्यांवर ठेवायचा. हे सल्ले मी पुण्यात बिलात लावते.

निघताना अक्कांनी त्या फडक्यातल्या पायावर हळदकुंकू वाहिलं. विद्याने तोंड उघडलं, हळदीने वाळवीला काय होतं कोण जाणे. मी तिच्या पायावर पाय दिला.

पुन्हा जळगाव

कल्पनाचं यंत्र फ्रिजएवढं आहे. सुईने हवा आत सोडायची आणि पडद्यावर रेघ चालताना बघायची. भुशाच्या बाटलीची रेघ सरळ गेली. मेलेल्या वाळवीची सरळ गेली. मग अक्कांच्या वाळवीची कुपी. रेघ आधी सरळच गेली. विद्या माझं मनगट धरून उभी होती. मग, इथिलीन जिथे यायला पाहिजे तिथेच, रेघ उठली, आणि उठतच गेली, साक्रीच्या पुढचे डोंगर उठतात तशी. दुसरी कुपी, तिसरी, तसाच डोंगर.

कल्पना म्हणाली, "अगं, यांनी केळी पिकवली असती!"

विद्याने माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर वळ होते. मी तिला म्हटलं, आता जेवून घे. तिने शेवभाजी तिखट न म्हणता खाल्ली.

तो पाय आता पुण्यात विद्याच्या खोलीत काचेच्या हौदात आहे. म्हणजे माझ्याच नात्यातल्या घरात, माझ्या माहितीने, वाळवी राहते आहे. मी महिन्यातून एकदा जाऊन हौदाची कड तपासते.

श्रावणात, कानबाई बसली त्या रविवारी अक्कांचा फोन आला. मागे ढोलकी आणि बायांची गाणी. सगळे भाऊबंद जमले होते. देवी चौरंगावर होती, पायांवर साडीचा घोळ. धाकट्या जावेने साडी उचलून चारही पाय बघितले म्हणे. "काही समजनं नही तिले," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "तुमना दोन्हीसना वाटा काढी ठेयेल शे. रोटना."

मी म्हटलं, "अक्का, रोट कुळाबाहेर देत नाहीत ना?"

"त्या पायना बी वाटा काढेल शे," त्या म्हणाल्या, जणू मी काही विचारलंच नव्हतं. "देवीनाच पाय शे तो. त्यासले बी खावाडजो."

मी विद्याला विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, नको. पिठात नत्र असतो. तो आयता मिळाला की जिवाणू हवेतून घेणं बंद करतात. माझ्या बाटल्यांत तेच झालं होतं, मी त्यांना फार चांगलं खायला घालत होते. त्यांना फक्त लाकूड. बाकी काही नाही."

हे अक्कांना फोनवर कसं सांगायचं? मी म्हटलं, "अक्का, डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांना दुसरं काही चालत नाही. नुसतं लाकूड आणि हवा."

पलीकडे ढोलकी वाजत होती. अक्कांनी थोडा विचार केला.

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या. "श्रावण शे. धरू दे त्यासले उपास."